पाण्याखालील श्वासाची विद्या

सोलापूर जिल्हा हा काळ्या जमिनीचा आणि कोरड्या हवेचा मुलूख. समुद्र येथून शेंकडों किलोमीटर दूर. तथापि पाण्यांत उतरण्याची हौस या मुलखाला नाहीं असें मात्र नव्हे. उन्हाळ्याच्या सुटींत गांवोगांवच्या विहिरी मुलांनीं गजबजून जातात. पाठीला वाळका भोपळा, तो न मिळाल्यास पत्र्याचा रिकामा डबा बांधून मुलाला पाण्यांत सोडावें, काठावर कोणी जाणता काका अगर मामा बसावा, आणि चार-आठ दिवसांनीं भोपळा सोडून घ्यावा, अशी ही पोहण्याची शाळा. पोहणें अंगवळणीं पडलें म्हणजे पुढचा धडा बुडीचा. तळाचा खडा वर आणून दाखवावयाचा. या धड्याला सूचना एकच असते, ती म्हणजे दम धरण्याची. छाती भरून श्वास घ्यावा, तोंड घट्ट मिटावें, आणि वर येईपर्यंत तो सोडूं नये. जो अधिक दम धरील तो अधिक खोल जाईल.

हा नियम हजारों वर्षांचा आहे. परंतु पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी घेऊन पाण्याखालीं संचार करण्याची जी नवी विद्या, जिला इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘स्कूबा’ हें नांव पडलें आहे, तिचा पहिला नियम याच्या नेमका उलट आहे. तेथें नवशिक्याला प्रथम हेंच सांगतात कीं, श्वास कधींहि कोंडूं नये. विहिरीच्या काठीं जो गुण मानला गेला, तोच टाकी पाठीवर येतांच प्राणघातक ठरतो. हें असें कां होतें, आणि हें ज्ञान मनुष्यजातीला काय मोल देऊन मिळालें, हें पाहिलें म्हणजे साधनांची ओळख करून देणाऱ्या त्या पहिल्या, साध्या दिसणाऱ्या धड्याची खरी योग्यता कळून येते.

दम धरून बुडी मारणाऱ्यांचा धंदा फार पुरातन. मन्नारच्या आखातांत मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दगडाच्या भारानें तळ गांठीत, जाळींत शिंपले भरीत, आणि दोरीला हिसका देतांच वरचे सोबती त्यांना ओढून घेत. सारें काम एका श्वासाचें. या पाणबुड्याच्या छातींत जी हवा असते ती त्यानें पाण्यावरच घेतलेली असते. खालीं जातांना पाण्याच्या दाबानें ती आकसते आणि वर येतांना पुन्हां मूळच्याएवढी होते; मूळच्याहून अधिक ती कधींच होत नाहीं. म्हणून दम धरणें त्याला बाधत नाहीं. त्याची अडचण निराळी होती. श्वास संपला कीं काम संपलें.

ही अडचण दूर करण्याचा खटाटोप युरोपांत दीर्घकाळ चालला होता. धूमकेतूमुळें ज्याचें नांव अजरामर झालें त्या एडमंड हॅलेनें १६९१ सालीं तळाला उघडी अशी एक मोठी घंटा पाण्यांत सोडली आणि हवेनें भरलेलीं पिपें खालीं पाठवून तींतील माणसांस ताजी हवा पुरविली. पुढें १८३७ सालीं लंडनमध्यें स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीब या जर्मन कारागिरानें तांब्याचें शिरस्त्राण आणि त्यास जोडलेला सर्वांग झांकणारा पोशाख तयार केला. वर नावेंत पंप, मध्यें लांब नळी आणि खालीं पाणबुडा. श्वासाची मर्यादा संपली, पण माणूस नळीला बांधला गेला.

या पोशाखाची परीक्षा ‘रॉयल जॉर्ज’ या जहाजावर झाली. हें प्रचंड लढाऊ जहाज १७८२ सालीं पोर्ट्‌स्मथजवळ नांगरलेल्या स्थितींतच बुडालें होतें. त्याचे अवशेष हलविण्याचें काम १८३९ सालीं कर्नल चार्ल्स पास्ली यांच्या हाताखालील लष्करी सॅपरांकडे आलें. तें काम वर्षानुवर्षें चाललें आणि त्यांत माणसें जायबंदी झालीं. एका पाणबुड्याची नळी फुटली आणि शिरस्त्राणांतील हवा एकाएकीं वर निघून गेल्यामुळें भोंवतालच्या पाण्याच्या दाबानें त्याला भयंकर इजा झाली. पाणबुड्यांनीं जोडीनें काम करावें, ही पद्धत याच कामांत पडली. या अनुभवांतूनच १८४३ सालीं इंग्लंडच्या आरमारानें पाणबुड्यांना शिकविणारी पहिली शाळा काढली. शाळा साधनाच्या मागून आली, आणि मध्यंतरींच्या काळाची किंमत माणसांनीं आपल्या शरीरानें भरली. या इतिहासांत हा क्रम पुनःपुन्हां दिसतो.

दुसरें संकट अधिक गूढ होतें. पाण्याखालीं तासन्‌तास काम करून पाणबुडा सुखरूप वर येई, पोशाख उतरवी, आणि थोड्या वेळानें त्याचे सांधे असह्य दुखूं लागत. कोणाचे पाय लुळे पडत, कोणी प्राणास मुके. ग्रीक बेटांवरील स्पंज काढणाऱ्या लोकांनीं हा पोशाख १८६० नंतर स्वीकारला आणि तेथील गांवोगांवीं पांगळे तरुण दिसूं लागले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायांत, दाबलेल्या हवेच्या कोठ्यांत काम करणाऱ्या मजुरांची हीच दशा झाली. पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाहि त्यांतून सुटला नाहीं. या रोगाचें कारण फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यानें १८७८ सालीं दाखवून दिलें. दाबाखालीं श्वास घेतांना हवेंतील नत्रवायु रक्तांत व मांसपेशींत विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो हळूहळू श्वासावाटे निघून जातो. घाईनें वर आला तर सोड्याची बाटली उघडतांच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते शरीरांत उत्पन्न होतात. मग १९०८ सालीं जॉन हॉल्डेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलींतून येतांना कोठें व किती वेळ थांबावें याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं. आजच्या पाणबुड्याच्या मनगटावरील यंत्र हें त्या कोष्टकांचेंच वंशज होय.

राहिली ती नळी. ती तोडून हवा पाठीवर घेण्याची कल्पना फ्रान्समध्यें १८६५ च्या सुमारास रुकेरोल व देनेरूझ या जोडीनें बरीच पुढें नेली होती. त्यांचें यंत्र मनुष्य श्वास ओढील तेवढीच हवा देई. पण त्या काळची टाकी फार मोठा दाब सोसूं शकत नसे, म्हणून नळी सहसा जोडलेलीच ठेवावी लागे. ज्यूल व्हर्न यानें १८७० सालीं पुस्तकरूपानें पुऱ्या झालेल्या आपल्या सुप्रसिद्ध सागरी कादंबरींत कॅप्टन नेमोच्या पाठीवर हेंच यंत्र सुधारून चढविलें. हा नेमो बुंदेलखंडचा राजपुत्र असून १८५७ च्या युद्धांत लढलेला होता, असें व्हर्ननेंच पुढील एका कादंबरींत सांगितलें आहे. म्हणजे नळी तोडून समुद्रतळीं फिरणारा वाङ्मयांतील हा नामांकित पुरुष हिंदी होता, ही गोष्ट मराठी वाचकाला मौजेची वाटेल.

कल्पनेंतील गोष्ट प्रत्यक्षांत आली ती १९४३ सालीं. फ्रान्स तेव्हां जर्मनांच्या ताब्यांत होता व पेट्रोलची टंचाई होती. मोटारी ज्वलनवायूवर चालविण्यासाठीं एमिल गान्यां या अभियंत्यानें वायु मोजून सोडणारी एक झडप केली होती. आरमारी अधिकारी झाक कुस्तो यानें ती पाहिली आणि दोघांनीं मिळून ती श्वासाच्या कामास लावली. पॅरिसजवळ मार्न नदींत पहिली परीक्षा झाली. आडवें पोहतांना यंत्र ठीक चाले. पण डोकें वर करतांच हवा भसाभस वाहून जाई आणि डोकें खालीं करतांच श्वास ओढेना. दोघांनीं विचार केला व कारण सांपडलें. उच्छ्वास बाहेर पडण्याची जागा आणि हवा देणाऱ्या झडपेची जागा वेगवेगळ्या पातळीवर असल्यानें दोहोंवर पाण्याचा दाब सारखा पडत नव्हता. दोन्ही एकत्र आणतांच दोष नाहींसा झाला.

युद्ध संपल्यावर हें यंत्र बाजारांत आलें. ज्याच्याजवळ पैसे असतील त्यानें तें घ्यावें आणि पाण्यांत उतरावें, अशी स्थिति झाली. शिकविणारे मात्र नव्हते. पुन्हां तोच क्रम! अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेंत कॉनराड लिंबॉ यानें १९५० नंतर विद्यार्थ्यांसाठीं पद्धतशीर अभ्यासक्रम बसविला. ब्रिटनमध्यें १९५३ सालीं सब-ॲक्वा क्लब निघाला. १९५९ सालीं जागतिक संघटना झाली. १९६६ सालीं, आज जगभर जिच्या प्रमाणपत्रांचा प्रसार आहे ती ‘पॅडी’ संस्था अमेरिकेंत स्थापन झाली. ज्यानें इतरांना धडे घालून दिले तो लिंबॉ स्वतः १९६० सालीं फ्रान्सच्या किनाऱ्यावरील एका पाण्याखालच्या गुहेंत वाट चुकून मरण पावला. पाणी गुरूलाहि सवलत देत नाहीं.

आतां हा धडा काय असतो तें पाहूं. नवशिक्यापुढें प्रथम टाकी ठेवतात. ती पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची असून तींत प्राणवायु नव्हे, तर गाळून शुद्ध केलेली साधी हवाच असते. बारा लिटरच्या टाकींत दोनशें पट दाबानें हवा भरली म्हणजे ती चोवीसशें लिटर होते. शांतपणें पोहणारा मनुष्य मिनिटाला वीस लिटर हवा घेतो असें धरलें तर पृष्ठभागावर ही हवा दोन तास पुरेल. पण पाण्यांत दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाहि दुप्पट; टाकी एक तासाची झाली. वीस मीटरवर ती चाळीस मिनिटांची आणि तीस मीटरवर अर्ध्या तासाची. त्यांतूनहि चौथा हिस्सा राखून ठेवावयाचा असतो. हें गणित पाठ झालें म्हणजे दाबमापकाचा कांटा वरचेवर कां पाहावा तें सांगावें लागत नाहीं.

टाकीवर बसतो तो रेग्युलेटर. त्याचा पहिला टप्पा टाकीचा प्रचंड दाब कमी करतो आणि तोंडांतला दुसरा टप्पा भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, श्वास ओढतांच, देतो. लांब पोकळ नळी पाण्यावर धरून खोलांतून श्वास कां घेतां येत नाहीं, याचें उत्तर येथेंच आहे. छातीवर पाण्याचा भार असतो आणि नळींत वरची हलकी हवा. एका मीटरच्या आसपासच बरगड्या हार खातात. दुसऱ्या टप्प्याची एक जादा जोडी नेहमीं बरोबर असते. ती स्वतःसाठीं नव्हे, हवा संपलेल्या सोबत्यासाठीं. पास्लीच्या सॅपरांची जोडीची पद्धत अशी आजहि जिवंत आहे.

मग येतें हवेचें जाकीट आणि शिशाचीं वजनें. शिसें माणसाला खालीं नेतें, जाकिटांत सोडलेली हवा त्याला तोलून धरते. विहिरींतला भोपळा आणि मोतीवाल्याचा दगड हीं दोन्ही येथें एकत्र आलीं, एवढाच फरक. पुढें चष्मा. माणसाच्या डोळ्याला पाण्यांत स्पष्ट दिसत नाहीं. डोळ्यापुढें हवेचा कप्पा लागतो, आणि त्या कप्प्यांत नाकहि असावें लागतें, नाहींतर वाढत्या दाबानें चष्मा डोळ्यांवर चोखला जातो. पोहण्याचा साधा चष्मा म्हणूनच खोलांत निरुपयोगी. नाक चिमटींत धरून हलकेंच फुंकर मारावी म्हणजे कानांतील दाब समतोल होतो. ही युक्ति अठराव्या शतकाच्या आरंभीं वर्णन करणाऱ्या व्हाल्साल्व्हा या इटालियन वैद्याच्या नांवानेंच ती ओळखली जाते. कान दुखण्यापूर्वीं फुंकावें, दुखल्यावर नव्हे.

या सर्वांच्या शेवटीं, किंबहुना सर्वांच्या आधीं, श्वासाचा नियम. टाकीवाला पाणबुडा दहा मीटरवर छाती भरून घेतो ती हवा दुप्पट दाबाची असते. ती कोंडून तो वर आला तर ती दुप्पट फुगेल, आणि फुप्फुसांना तेवढी जागा नाहीं. तीं फाटतात आणि हवा रक्तांत शिरते. यासाठीं फार खोलीहि लागत नाहीं. पोहण्याच्या तलावाच्या उथळ भागांतहि हें घडूं शकतें. म्हणून शिक्षक विद्यार्थ्याकडून चार-पांच फूट पाण्यांत तोंडांतला रेग्युलेटर काढवितो, पुन्हां शोधून घालवितो, आणि तो तोंडाबाहेर असेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडीत राहण्यास लावतो. घाबरलेला माणूस स्वभावतःच श्वास कोंडतो आणि वर धांवतो. विहिरीनें त्याला तेंच शिकविलेलें असतें. ती जुनी सवय मोडणें हेंच या शिक्षणाचें मुख्य काम होय, आणि तें व्याख्यानानें होत नाहीं. पन्नास वेळां करून घेतल्यानें होतें.

आपल्या देशांत या विद्येचा एक मोठा उपयोग गोव्यांत दिसून आला. दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखालीं १९८० नंतर सागरी पुरातत्त्वाचें काम सुरू झालें. लोथलचें उत्खनन करणाऱ्या या विद्वानाच्या हाताखालीं पुरातत्त्वज्ञांनाच पाणबुडे व्हावें लागलें, कारण पाणबुड्याला शिलालेख वाचतां येत नाहीं आणि पंडिताला तळ गांठतां येत नाहीं. द्वारकेच्या समुद्रांतील दगडी नांगर व बांधकामाचे अवशेष त्यांनीं नोंदविले. पुढें विजयदुर्गाजवळच्या पाण्याखालील दगडी भिंतीचीहि पाहणी झाली.

महाराष्ट्रांत या विद्येचें माहेर मालवण. शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, त्याच किल्ल्याच्या सभोंवार प्रवाळ आहे. तो भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून येथील तरुणांना स्कूबाचें शिक्षण मिळूं लागलें, आणि २०१५ च्या सुमारास राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानें तारकर्ली येथें यासाठीं स्वतंत्र संस्था उभारली. ज्यांच्या वाडवडिलांनीं जाळीं ओढलीं अशा घरांतील मुलें तेथें पाहुण्यांना समुद्राचा तळ दाखवूं लागलीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. हौस म्हणून अर्धा तास पाण्याखालीं जाऊन येणारा प्रवासी आणि तीन-चार दिवसांचा अभ्यास पुरा करून अठरा मीटरपर्यंत जाण्यास पात्र झालेला शिष्य हे दोघे एकच पोशाख घालतात, परंतु ते एक नव्हेत. प्रवाशाचें जाकीट, हवा व खोली हीं सारीं त्याला धरून पोहणाऱ्या मार्गदर्शकाच्या हातीं असतात; प्रवाशाकडे फक्त श्वास चालू ठेवण्याचें काम असतें. तेवढें एक काम नीट समजावून सांगितल्याखेरीज त्याला नावेवरून उतरवूं नये, आणि समजल्याखेरीज प्रवाशानेंहि उतरूं नये. घाईच्या दिवशीं हींच पांच मिनिटें कापली जाण्याचा मोह होतो, आणि तीच कापण्यासारखी नसतात.

हें सारें समुद्राचें झालें. सोलापूरला त्याचें काय, असें कोणी विचारील. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून कळाशीकडे निघालेली बोट उजनीच्या जलाशयांत वादळी वाऱ्यानें उलटली. एक जण पोहत किनाऱ्यास लागला. सहा जण गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकडीला शोधासाठीं यावें लागलें आणि किनाऱ्यावर आप्तेष्ट दोन दिवस वाट पाहात बसले. भीमेवर धरण झाल्यापासून या कोरड्या जिल्ह्याला एक समुद्रच लाभला आहे, आणि समुद्राबरोबर समुद्राचीं कर्तव्यें येतात.

त्या पाण्याचे धडे मात्र तारकर्लीच्या वहींतून जसेच्या तसे उतरवून चालत नाहींत. उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून सुमारें ४९७ मीटर उंच आहे, आणि तीनशें मीटरच्या वरचें पाणी हें उंचावरचें पाणी मानून कोष्टकें बदलून घ्यावीं, असा या शिक्षणाचा नियम आहे. वरच्या हवेचा दाबच कमी, म्हणून वर येणाऱ्या शरीरांत बुडबुडे अधिक सहज उठतात. पाणी गोडें, म्हणजे समुद्राच्या पाण्याहून सुमारें अडीच टक्के हलकें. ऐंशी किलो भाराच्या माणसानें मालवणला जेवढें शिसें बांधलें त्यांतून दोन किलो येथें कमी करावें लागेल. शिवाय पाणी गढूळ. सोबत्याचा हात सुटला तर तो दिसणार नाहीं. दोरीनेंच जोडून राहावें लागेल.

ज्या मुलानें विहिरीच्या तळचा खडा वर आणून दाखविला आहे, त्याच्या अंगीं धीर आहे आणि पाण्याशीं ओळख आहे. अशांतूनच या जिल्ह्याचे उद्यांचे पाणबुडे निघतील. पण त्यांच्या पाठीवर टाकी चढविण्यापूर्वीं काठावर कोणी तरी जाणता बसलेला असला पाहिजे, आणि ‘दम धर’ ही जुनी सूचना मागें घेऊन ‘श्वास चालूं दे’ ही नवी सूचना त्यानें पन्नास वेळां गिरवून घेतली पाहिजे. आजवर शाळा नेहमीं साधनाच्या मागून आली. येथें ती आधीं यावी.